वेढे

एस्तेरबाई शिरसाठ सहा गाड्या घेऊन आल्या
बियाण्याच्या खोक्यातून.
वर कपाशीचं बोंड छापलेलं,
आत सुती साडीच्या चिंध्यांत
विताएवढ्या मोटारी.

माझं दुकान जुन्या जालन्यात.
विहिरीच्या, बोअरच्या मोटारी भरतो मी,
पाच एचपी, साडेसात,
उन्हाळ्यात तर जेवायला फुरसत नाही.
म्हणलं, बाई, ही लेकरांची खेळणी.
म्हणाल्या, जब्बार, मोटार हाय का नाही तिच्यात?
मग तुपलंच काम.
आन् एक ध्यानात ठेव,
चालू कर. नवी नको करू.

त्यांचे वडील मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकवायचे.
अडुसष्ट साली कुणी पाहुणा डॉक्टर एक मासिक विसरून गेला,
त्यात चित्र होतं:
फळीत खाच, खाचेत अडकवलेली गाडी,
खाचेच्या दोन्ही अंगांना तांब्याची पट्टी.
जालन्याच्या बाजारात यातलं काहीच मिळत नव्हतं.
म्हणून डालड्याच्या डब्याचा पत्रा.
म्हणून पानदानाच्या पितळेची चासी,
सायकलच्या स्पोकचे आस,
टायर स्लिपरच्या रबराचे, ब्लेडनं गोल केलेले.
चुंबकांचं तेवढं कळत नाही.
प्रयोगशाळेतले दोन कमी आहेत
असं हेडमास्तर रिटायर होईस्तोवर म्हणत होते.

लाल गाडीच्या टपावर, रंगात,
अंगठ्याचा ठसा आहे.
रंग ओला असताना उचलली असणार,
बघायला, की झाली का.
माझ्या पोरीनं जुळणारी नेलपॉलिश आणली,
अगदी तोच लाल.
ब्रश बुडवला,
आणि परत बाटलीत ठेवला.

जळालेली तार उसवायला बसलो.
केसासारखी, हातानं भरलेली.
मोजत गेलो, सवयीनं:
पहिल्या दातावर त्र्याहत्तर वेढे,
दुसऱ्यावर शहात्तर,
तिसऱ्यावर सत्तर.
हसू आलं.
सर मोजत असतील आणि मध्येच कुणी चहा आणला असेल,
किंवा लाइट गेली असेल.

एकोणतीस वर्षं हेच करतोय मी,
माझ्या हाताला एक वेढा इकडं-तिकडं खपत नाही.
सत्तर, सत्तर, सत्तर.
वॉर्निश, ऊन, दोन दिवस.

बाईंच्या खाटेखालून ट्रॅक निघाला, चार तुकडे,
फरशीवर जोडला की इंग्रजी आठचा आकडा.
स्कूटरची बॅटरी लावली.
लाल गाडी सुटली ती अशी
की तिसऱ्या वळणावर खाच सोडून
थेट शिलाई मशीनच्या पायावर.
पुन्हा ठेवली. पुन्हा तेच.
बाई चष्मा पुसत म्हणाल्या,
ही पप्पांची नाही.
पप्पांची त्या वळणावर कण्हायची जराशी,
म्हाताऱ्या माणसानं पायरी चढावी तशी.

रात्री सगळं उसवलं.
चांगलं काम उसवणं
वाईट कामापेक्षा जड जातं, हे पहिल्यांदा कळलं.
त्र्याहत्तर.
शहात्तर.
सत्तरावर हात थांबायला तयार नव्हता,
त्याला आता बरोबरी करायची होती.
थांबवला.

रविवारी, चर्च सुटल्यावर,
लाल गाडी तिसऱ्या वळणाला आली,
कण्हली,
आणि खाचेतच राहिली.
बाई काही बोलल्या नाहीत.
बटण दाबून धरलं त्यांनी,
बॅटरी उतरेपर्यंत.

पाच झाल्या. सहावीत मोटारच नव्हती कधी,
नुसतं अंग, आणि आत पेन्सिलनं काढलेला चौकोन,
मोटार इथं बसेल.
ती तशीच चिंधीत गुंडाळून दिली.

आज राजूरचा एक जण साडेसात एचपी घेऊन बसलाय,
ऊस वाळायलाय म्हणतो, घाई करा.
मी भरतोय. बेचाळीस, त्रेचाळीस—
ते म्हातारं कण्हणं कानात येतं
आणि आकडा सुटतो.
चहा सांगा, म्हणलं त्याला.
परत एकपासून.